एक्कडा

नागोरावांनी बंडीच्या खिशातून काडेपेटी काढली आणि कुमुदिनीबाईंच्या टेबलावर, चहाच्या कपापासून लांब, जपून ठेवली. विडी ओढणारा माणूस काडेपेटी इतकी जपून ठेवत नाही. बाईंनी चष्मा लावला.

“सापडली?” मनकर्णा स्वयंपाकघरातून आली ती कणकेच्या हातांनीच.

“पाह्य ना. सरकीच्या पोत्यात बुडाशी होती.”

काडेपेटीत अळीबिळी काही दिसत नव्हती. कापसाच्या दोन बिया तेवढ्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या, मधे बारीक जाळीनं शिवल्यासारख्या. मनकर्णेनं हात पुसले, केसातला आकडा काढला आणि त्याचं टोक सांध्यात घालून हलकेच दाबलं. बिया उकलल्या. आतल्या पोकळीत गुलाबी अळी अंगाचं मुटकुळं करून निजली होती.

“जिती हाय?”

“हलून राह्यली बघा आबा. मनजे घरातच होती! आपूनच पेरतो तिले.”

नागोरावांनी मान डोलावली. पोरीनं परीक्षेत पहिला नंबर काढला तेव्हासुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला नव्हता, असं बाईंना वाटलं.

हा शोध हिवाळ्यापासून चालू होता. कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उपटून जाळली, मग पुढच्या बोंडापर्यंत अळी कुठं जाते, असा प्रश्न मनकर्णेनं भर वर्गात विचारला होता. बाईंना उत्तर येत नव्हतं, आणि पुस्तकातही नव्हतं. सुटीत तिनं गावात विचारलं. कोणी म्हणालं मरते, कोणी म्हणालं ढगातून पडते, आणि एका म्हातारीनं सांगितलं की अळीची चौकशी करणाऱ्या पोरीला स्थळ मिळत नाही. नागोराव तेव्हा सगळ्यांबरोबर हसले होते. पण नंतर बैलांना सरकी घालताना ते मूठ उघडून एकेक बी निरखत बसायचे, असं रेणुकाबाईंनी बाईंना वैतागून सांगितलं होतं.

रेणुकाबाई, म्हणजे मनकर्णेची आई, आताही दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“अळ्याच पाह्यनार का आता दिवसभर? कचेरीत जाचं हाय ना?”

भीमपूरकडच्या त्यांच्या गावात मुलींची शाळा नव्हती. म्हणून मनकर्णा गेली काही वर्षं आदिलाबादेत कुमुदिनीबाईंच्या घरी राहून शिकत होती. बाईंशी ती शाळेतलं मराठी बोलायची आणि आईबाप आले की उंबऱ्यातच तिची जीभ गावाकडे वळायची. बाईंना त्याची मोठी मौज वाटे. त्यांचे स्वतःचे पणजोबा कारकुनीच्या निमित्तानं इकडे आले आणि इथलेच झाले. घरात पुस्तकी मराठी, कचेरीत उर्दू, भाजीवालीशी तेलुगू, अशा तीन भाषा बाईंच्याही तोंडात लहानपणापासून होत्या.

मॅट्रिकचे निकाल लागले की गावातले मराठी आईबाप बाईंच्या ओसरीवर येत. पोराला कुठं घालावं, पोरीला घालावं की नाही, तिथं जेवण कसं असतं, असे शंभर प्रश्न. बाई सगळ्यांची उत्तरं देत. फक्त अमुक कर असं त्या कधी सांगत नसत. रस्ते किती आणि कोणता कुठं जातो एवढं त्या दाखवत, जायचं ते आईबापांनी आणि पोरांनी ठरवावं. “बाई रस्ता दाखवतील, पण बोट धरणार नाहीत,” असं त्यांच्या पाठीमागे म्हटलं जाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.

यंदा मात्र रस्तेच हलायला लागले होते. नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडणार हे पक्कं झालं होतं. मराठवाडा मुंबईत जाणार, आदिलाबाद आंध्रात. किनवट आपल्यातून निघणार, राजुरा निघणार, अशा बातम्या रोज चहाबरोबर येत. सगळं भाषेवरून चाललं होतं. नागोरावांचं गाव पैनगंगेच्या अलीकडे आणि रेणुकाबाईंचं माहेर पलीकडे. पूर्वी अलीकडे निजाम होता आणि पलीकडे इंग्रज, पण तेव्हा कोणी नदी ओलांडताना आपली भाषा तपासली नव्हती. आता जो तो एकमेकांना विचारत होता, तुम्ही कुणीकडचे?

मनकर्णेपुढे रस्ते दोन होते. एक नागपूरचा. तिथं तिचा मामा महिपत गिरणीत कामाला होता. त्यानं ओळखीनं नॉर्मल स्कूलमध्ये बोलून ठेवलं होतं. दोन वर्षांत पोरगी मास्तरीण होणार, घर मामाचं, भाषा आपली. दुसरा हैदराबादचा. तिथं मुलींचं कॉलेज होतं, वसतिगृह होतं, सायन्स होतं. इंग्रजीतून शिकायचं आणि सगळी माणसं अनोळखी. पण तिथं झाडाझुडपांचं आणि किड्यामुंग्यांचं शास्त्र शिकवत, आणि सूक्ष्मदर्शक होते. हा शब्द बाईंनी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मनकर्णेनं तो पुन्हा म्हणायला लावला होता.

आदल्या संध्याकाळी ओसरीवर बाईंनी दोन्ही रस्ते नीट उलगडून सांगितले. नागोरावांनी बारीकसारीक विचारलं.

“तिथं अळ्याईचं बी शिकवतेत?”

“शिकवतात.”

“मनजे कोनती अळी कोठी राह्यते, काय खाते, समदं?”

“सगळं. अळीचं पोट चिरून आत काय आहे तेही.”

“पोरी चिरतेत?”

“मुलीच चिरतात. मुलींचंच कॉलेज आहे ते.”

मग रेणुकाबाईंनी तोंड उघडलं.

“कितीक इचारान? ठरलं ना आपलं. आखाजीले महिपत जेवाले बसला तवा तुमीच शबद देल्ला, का पोरगी तुह्याच घरी येईन. माह्या भावानं खोली सारवून ठेवली. वैनीनं पोरीसाठी गोधडी शिवली.”

“देल्ला शबद,” नागोराव म्हणाले. “म्या कोठी नाई मनून राह्यलो?”

रेणुकाबाई काही कजाग नव्हत्या. लग्न झाल्यापासून माहेरचं एकही माणूस नदी ओलांडून त्यांच्याकडे रिकाम्या हातानं आलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला रिकाम्या हातानं धाडलं नव्हतं. नवरा शब्दाला फिरला, तर भावापुढे उभं राहायला त्यांना जागा राहिली नसती. बाईंना हे समजत होतं. म्हणून त्यांनी नेहमीचा शेवटचा प्रश्न मुलीला विचारला.

“मनकर्णे, तुला काय वाटतं? आईबाबांसमोर सांग.”

मनकर्णेनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. जी पोरगी पालीच्या तुटलेल्या शेपटीपासून चंद्राच्या खळ्यापर्यंत कशाबद्दलही विचारायला कचरत नसे, ती जमिनीकडे बघत म्हणाली, “आबा मनतील तसं.”

बाईंना वाईट वाटलं, रागही आला. दरवर्षी पोरं हेच उत्तर देत. पण हिच्याकडून त्यांनी ते धरलं नव्हतं.

म्हणून नागपूर ठरलं तरी बाईंनी दोन्हीकडचे कागद भरून पिशवीत ठेवले. कॉलेजचा अर्ज कचेरीमार्फत हैदराबादला जायचा. राज्याबाहेर जायचं असेल, तर वेगळा दाखला मागावा लागे. दोन्हींची मुदत आज संपत होती. “असू द्या बरोबर,” त्या म्हणाल्या, “एकातलं काही राहिलं असेल तर दुसऱ्यावरून पाहता येईल.” कारण अगदीच लटकं होतं. कोणी हरकत घेतली नाही.

काडेपेटी मनकर्णेनं मुठीत घेतली आणि चौघं कचेरीकडे निघाली.

शिक्षणखात्याच्या कचेरीला जुनी माणसं अजून निजामाच्या उर्दूतलं तालीमात म्हणत. बाहेरची उर्दू पाटी काढली होती, नवी लागायची होती, आणि मधल्या काळात भिंतीवर पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन तेवढा होता. आत पूर्वी एक वयस्क मुन्शी बसत. मुलीचं नावसुद्धा ते इतक्या अदबीनं विचारत की आईबापांना आपण लग्नाची बोलणी करायला आलोत असं वाटे. ते निवृत्त झाले होते. उन्हाळ्यात त्यांच्या जागी समुद्रकाठच्या मुलखातला एक तरुण कारकून आला होता. तेलुगू आणि इंग्रजी, एवढ्या दोनच भाषा त्याच्यापाशी होत्या, आणि समोरच्या रांगेतल्या बहुतेकांना दोन्ही येत नव्हत्या. बिचारा घामाघूम झाला होता.

नंबर आला. कारकुनानं लेखणी उचलली आणि रेणुकाबाई पुढे होत्या म्हणून त्यांनाच विचारलं, “पेरु?”

रेणुकाबाईंनी चमकून मागे पाहिलं. “पेरू मांगून राह्यला का हा? अन् आता कोठी पेरूचा मोसम हाय?”

मनकर्णा खुदकन हसली. “नाव इचारून राह्यला माय. पेरु मनजे नाव.” आणि कारकुनाकडे वळून तिनं स्वच्छ तेलुगूत स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगितलं. वर्गातल्या मैत्रिणीशी लोणच्याची देवघेव करता करता ती भाषा तिनं केव्हाच उचलली होती.

रांगेतलं कोणीतरी ही गंमत कारकुनाला समजावून सांगू लागलं. तोही हसला. त्याचा घाम थोडा कमी झाल्यासारखा वाटला. रेणुकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. भाषेच्या चुकीचं एक बरं असतं, ती कोणाच्या अंगाला चिकटत नाही.

नागोराव तेवढे हसले नाहीत. ते बायकोकडे, मग कारकुनाकडे, मग पुन्हा बायकोकडे पाहत होते. बाजारात दुसऱ्याचा सौदा चाललेला असताना माणूस पाहतो तसे.

बाईंनी कागद पुढे केले. कारकुनानं चाळले, आणि एकाच मुलीचे दोन कागद पाहून कपाळाला आठी घातली. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात धरून त्यानं बापाकडे पाहिलं. इथं पालकाचाच शब्द चाले.

“एक्कडा?” त्यानं विचारलं.

एक्कडा म्हणजे कुठं. कुठं पाठवायची मुलगी, इथं की बाहेर? बाईंना हे कळलं. मनकर्णेलाही कळलं असणार. बाई सांगायला तोंड उघडणार, तोच नागोराव खाकरले.

“हां,” ते म्हणाले. “इकडं.”

“इक्कडा?” कारकुनानं खात्री करून घेतली. आणि त्याच्या भाषेत इक्कडा म्हणजे इथं.

“इकडं, इकडं.” नागोरावांनी छातीवर हात ठेवला. “आमी इकडचेच.”

शिक्का उचलला गेला आणि हैदराबादच्या अर्जावर पडला. दुसरा कागद कारकुनानं बाईंना परत दिला आणि नम्रपणे मान लववून पुढच्याला बोलावलं.

बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं. ते मिटून घेताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एक शब्द बोलायचा होता, कुठं म्हणून विचारतोय तो, एवढाच. आयुष्यभर त्यांनी कोणाचं बोट धरलं नव्हतं आणि आज गप्प बसून त्यांनी एका कुटुंबाला ढकललं होतं. त्यांनी मनकर्णेकडे पाहिलं. ती मुठीतल्या काडेपेटीकडे पाहत होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

“झालं?” रेणुकाबाईंनी विचारलं. “एवढंच? मले वाटलं लय येळ लागन.”

बाहेर समोरच एक हॉटेल होतं. नागोरावांनी आग्रहानं सगळ्यांना चहाला नेलं. बाकावर बसल्यावर रेणुकाबाई नागपूरच्या तयारीचं बोलू लागल्या. भावाकडे जाताना नवी ज्वारी न्यावी की तूर न्यावी, वहिनीला कोणत्या रंगाचं लुगडं आवडतं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की बाईंना बघवेना. ही बाई भावाच्या घरी निरोप पाठवील, तिकडे गोधडी अंथरून वाट पाहतील, आणि अर्ज भलतीकडेच गेलेला असेल. त्यांनी कप खाली ठेवला.

“नागोराव, एक चूक झाली आहे. मी तिथंच बोलायला हवं होतं. त्या कारकुनानं एक्कडा विचारलं. म्हणजे कुठं. तुम्हाला ते इकडं असं ऐकू आलं. तुम्ही इकडं म्हणालात, आणि त्यांच्यात इथं या शब्दाला इक्कडाच म्हणतात. त्यानं हैदराबादचा अर्ज घेतला.”

नागोरावांनी बशीत ओतलेला चहा फुंकायचा थांबवला.

“अन् नागपूरचा?” रेणुकाबाईंनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून कागद काढून दाखवला.

रेणुकाबाईंना वाचता येत नव्हतं, पण बिनशिक्क्याचा कागद ओळखायला वाचता यावं लागत नाही. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

“आता मी महिपतले कोनतं तोंड दाखवू?” आणि मग लेकीकडे वळून, “तुले तं येते ना त्याईची भास? पेरूचं कसं चटकन समजलं तुले! मंग आता काऊन नाई बोलली?”

मनकर्णेनं काडेपेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिनं पुसलं नाही.

“तिला नका बोलू,” बाई म्हणाल्या. “मीही तिथंच होते. मलाही येते.”

“तिले काऊन बोलतं?” नागोरावही म्हणाले. “चूक माही. बाजारात ते लोक एड मनतेत, एड पोतुन्नव, मनजे कोठी चालला. मले तेवढंच ठावं. हा नवा मानूस एक्कडा मनला. मले वाटलं इकडं.”

हे खरं होतं. इथल्या बाजारातलं तेलुगू आणि समुद्रकाठचं तेलुगू यांत फरक होता. बाईंना ते पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच अपराधी वाटलं. जाणूनबुजून गप्प बसणाऱ्या त्या एकट्याच उरल्या, त्या आणि ही पोर.

“डाक दुपारी निघते,” त्या म्हणाल्या. “अजून बांधली नसेल. परत जाऊन सांगितलं तर बदलून देईल तो. चांगला मुलगा आहे.”

“मंग चला ना!” रेणुकाबाई उठल्याच.

नागोरावांनी बशी तोंडाला लावली, सावकाश रिकामी केली, मिशा पुसल्या. “चला,” ते म्हणाले. “सांगू.”

हॉटेलातून उतरून ते पुढे झाले. त्यांची चाल नांगरामागून चालणाऱ्या माणसाची होती, घाई न करणारी. त्यांच्यामागे रेणुकाबाई, आणि सगळ्यांत मागे बाई आणि मनकर्णा. मनकर्णेनं काडेपेटी उघडली, अळी जिवंत आहे एवढं पाहिलं आणि पुन्हा मिटली. मागच्या वर्षी सूक्ष्मदर्शकाचं चित्र पाहून ही पोर कशी रात्रंदिवस प्रश्न विचारत होती, ते बाईंना आठवलं. नॉर्मल स्कूलमध्येही शिकेल, त्या स्वतःला समजावत होत्या. चांगली मास्तरीण होईल. पोरांच्या अळ्यांच्या प्रश्नांना माझ्यासारखंच मला येत नाही म्हणून सांगेल.

कचेरी चार पावलांवर आली, तेव्हा समोरून एक बैलगाडी येऊन थांबली. वर लोखंडी पेट्या, गुंडाळलेल्या वळकट्या, एक बाई, दोन पेंगुळलेली मुलं. बदली होऊन नव्यानं आलेलं कुटुंब दिसत होतं. धोतर, कोट आणि काखेत छत्री असा एक गृहस्थ खाली उतरला आणि समोर आलेल्या पहिल्याच माणसाला, म्हणजे नागोरावांना, त्यानं शहराबाहेरच्या मावला गावाची वाट विचारली.

“एमंडी, मावला एक्कडा?”

नागोरावांचं लक्ष कुठं होतं कोण जाणे. त्यांनी चालता चालताच हात वर केला.

“अक्कडा,” ते म्हणाले, आणि हात दक्षिणेकडच्या सडकेवर रोखला. तिकडं. मग तळं लागलं की कोणत्या बाजूनं जायचं, गाडीला कोणती वाट बरी, तेही त्यांनी अडखळत्या, पण समजेल अशा तेलुगूत सांगून टाकलं. गृहस्थानं हात जोडले. गाडी वळली.

नागोरावांचा हात हवेतच राहिला.

त्यांनी मागे पाहिलं नाही. मानेवरून घाम मात्र उतरला. मनकर्णेनं बाईंचा पदर धरला, लहानपणी धरायची तसा. बाईंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं. कापूस विकायला दरसाल या बाजारात येणारा माणूस! समुद्रकाठचे व्यापारी इथं काय आज आले होते?

रेणुकाबाई जागच्या जागी उभ्या होत्या. त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. पण सकाळपासून तो एक शब्द त्यांनी परक्यांच्या तोंडून दोनदा ऐकला होता, आणि एकाच शब्दाला आपल्या नवऱ्यानं दोन उत्तरं दिलेली त्यांनी पाहिली होती. त्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्या पाठीवरून त्यांची नजर अजून खाली न आलेल्या हाताकडे गेली, आणि हातावरून सडकेकडे.

“थो मानूस काय पुसत होता?” त्यांनी विचारलं.

“मावल्याची वाट.” नागोराव पुटपुटले.

“अन् मावल्याच्या पुढं ही सडक कोठी जाते?”

उत्तर मनकर्णेनं दिलं.

“पुढं निर्मल लागते माय,” ती म्हणाली. “मंग हैद्राबाद.”

कचेरीचं दार उघडं होतं. आत शिक्के पडल्याचे आवाज येत होते. बाहेर डाकेची थैली घेऊन शिपाई बसला होता, तिचं तोंड अजून बांधायचं होतं. बाई गप्प राहिल्या. आता मात्र त्यांना गप्प बसल्याची लाज वाटली नाही, कारण हा रस्ता निवडायचा तो त्या माउलीनंच.

रेणुकाबाईंनी पदर डोक्यावर ओढला, डोळ्यांच्या कडा त्याच पदरानं टिपल्या.

“गावच्या गाडीची येळ झाली,” त्या म्हणाल्या. “इथं उभं राहून काय कराचं हाय?”

“अन् कचेरीत?” नागोरावांनी पहिल्यांदा वळून पाहिलं.

“कचेरीत काय? झाली चूक ते झाली.” आणि मग बाईंना, “महिपत आला तं त्याले तुमी सांगा, बाई. तुमाले शुद्ध सांगता येते. सांगा का त्याईची भास अन् आपली भास, कोनाले समजते?” एवढं बोलून त्या चालू लागल्या. चार पावलांवर थांबून नवऱ्याला म्हणाल्या, “गोधडी तं मी आनीनच वैनीकडून. थंडी हैद्राबादेत बी पडत असन.”

नागोराव मुकाट्यानं मागोमाग निघाले. त्यांनी तो हात आता कुठं खिशात घातला.

मनकर्णा बाईंच्या बाजूनं चालत होती. बाई वाट पाहत होत्या. आबांना केव्हापासून येत होतं, मग ते एड का म्हणाले, आणि मायनं कसं ओळखलं, यातलं काहीतरी ही पोर आता नक्की विचारणार. कचेरीची भिंत मागे पडली, पांढरा चौकोन मागे पडला, हॉटेल मागे पडलं. मनकर्णेनं काडेपेटी कानाशी धरून ऐकली, आणि काही विचारलं नाही.